सुनंदाताईंचे साहेब

"मले तिसऱ्या नंबरवर काहून घेतलं?"

"दादा, नंबर-बिंबर काही नसते त्याच्यात."

"नसते कसं? मी आलो तं ज्योत्स्नाचा मिक्सर आधीच फिरून राह्यलता. यशोधन 'हॅलो टेस्टिंग, हॅलो टेस्टिंग' करून राह्यलता. माझ्या खांद्यावर बसून दसऱ्याचा रावण पाह्यलेला पोरगा तो! अन् मी तिसरा? घरातला थोरला कोण?"

"तुम्ही."

"मंग?"

"मंग काय? सगळ्यात आधी तुम्हालेच घंटी दिली. दोनदा दिली. तुम्ही उचललीच नाही."

"मी हिरवं बटन शोधून राह्यलतो!"

"तुम्ही बटन शोधेपर्यंत मी जावईबापूंले ताटकळत ठेवू? जावई माणूस. मागं ठेवलं तं उद्या तेच रुसतीन."

"नाही, नाही, मी नाही रुसत," जावईबापूंचा आवाज मध्येच आला. "पण आधी घेतलं ते बरं केलं."

भांडण चाललं होतं कॉम्प्युटरवर. थोरले त्र्यंबकदादा नागपुरात, धाकटी ज्योत्स्ना आणि तिचे यजमान, म्हणजे जावईबापू, गोंदियात, शेंडेफळ यशोधन भिलाईत, आणि या सगळ्यांना एका लाईनवर आणणाऱ्या सुनंदाताई बालाघाटात, रेल्वे फाटकाजवळच्या, घरमालक चैतरामच्या घरातल्या खालच्या दोन खोल्यांत. दसऱ्यानंतरचा रविवार, दुपारचे चार. साल दोन हजार आठ. दर रविवारी चार वाजता भावंडांची अशी बैठक भरायची आणि ती भरवायच्या सुनंदाताई. त्यांना डोळ्यांनी काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आठव्या वर्षी गोवर आला आणि जाताना दृष्टी घेऊन गेला.

पण लाईन जोडणं हा त्यांचा धंदाच. सत्तावीस वर्षं त्या एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होत्या. गावातले साडेतीनशे नंबर तोंडपाठ. समोरच्याने फोन उचलून नुसता श्वास घेतला तरी त्या सांगायच्या, "बडे बाबू, आपको सर्दी हुई है, होल्ड कीजिए." बैहरच्या जंगलातल्या रेंज ऑफिसला पावसाळ्यात लाईन लावून द्यायची तर साहेब लोक थेट सुनंदाताईंनाच सांगत, दुसऱ्याला ते जमायचं नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना एक नियम शिकवला गेला होता: लाईनवर जे कानावर पडेल, ते पडलंच नाही असं वागायचं. ताईंनी तो इतका पाळला, की शेजारच्या टेबलावरच्या बाबूची बदली त्यांना चार दिवस आधी कळली होती, तरी तो पेढे घेऊन आल्यावर "अरे वा, कुठं?" हे त्यांनी असं काही विचारलं, की बाबूने दोन पेढे जास्त दिले.

मग दोन हजार सहामध्ये ऑफिसात आपोआप जोडणारं मशीन आलं. ताईंना आवक-जावकच्या खोलीत खुर्ची मिळाली. काम मिळालं नाही. वर्षभर त्या खुर्चीवर त्यांनी स्वेटर विणले, मग राजीनामा दिला. त्याच सुमारास यशोधनने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना ताईंकडे आणून टाकला. ताई नागपूरला एका संस्थेत पंधरा दिवस राहून शिकून आल्या. येताना एक सीडी आणली. त्या सीडीत साहेब होते.

साहेब म्हणजे स्क्रीन रीडर. पडद्यावर जे काही येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. पुरुषाचा आवाज, अस्सल विलायती, आणि घाई इतकी की जणू गाडी सुटतेय. पहिल्या दिवशी ताईंनी तो सुरू केला तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या मैनाबाई डोक्यावरून पदर घेऊन दारातच थबकल्या. थोड्या वेळाने दोन कप चहा घेऊन आल्या.

"दुसरा कोणाले?" ताईंनी विचारलं.

"त्या साहेबाले. कवाचे बोलून राह्यले बिचारे, गला सूख गया होगा."

तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. मैनाबाई साहेबांकडे आजही पाठ करून बसत नाहीत.

साहेबांचं इंग्रजी चोख होतं. मराठीची मात्र ते दाणादाण उडवायचे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचायची वेळ आली की घशात गरम बटाटा अडकल्यासारखं बोलायचे. दुसऱ्या कोणाला एक अक्षर कळलं नसतं. ताईंना वर्षभरात सगळं कळायला लागलं होतं. ऑफिसात नव्याने आलेल्या मद्रासी साहेबांची हिंदी त्यांना जशी आठवड्यात कळायची, तसंच.

माऊस ताईंनी पहिल्या आठवड्यातच काढून मैनाबाईंच्या नातीला खेळायला दिला. सगळं काम बोटांवर. बाण खाली, बाण खाली, साहेब नाव सांगणार, एंटर. एकेकाला निवडून घंटी द्यायची, आला की लाईनीत जोडायचा. कोण आला, कोण तुटला, कोणाचा आवाज बंद आहे, साहेब डाव्या कानात सांगत राहणार. उजवा कान ताई मोकळा ठेवायच्या, गॅसवरच्या दुधासाठी.

एवढं सगळं सोपं होतं. अवघड होती ती भावंडं. फुकटात बोलता येणाऱ्या या कॉलसाठी ताईंना आधी प्रत्येकाला साध्या फोनवरून फोन करावा लागायचा, "कॉम्प्युटर चालू करा" म्हणून. दादा दर वेळी विचारत, "आता फोनवर बोलूनच राह्यलो, तं कॉम्प्युटर कशाले?" मग ताईंचे नियम. बोलायच्या आधी नाव सांगा. टीव्ही बंद करा. मिक्सर बंद करा. हेडफोन लावा. दादा हेडफोन लावायचे नाहीत, कारण त्याने केस विस्कटतात; केस बाजूचे तेवढे उरले होते. ते स्पीकरवर ऐकायचे, त्यामुळे त्यांच्याकडून प्रत्येकाचं बोलणं परत फिरून यायचं. पहिल्या महिन्यात जावईबापूंना वाटलं होतं, दादा त्यांची नक्कल करतात. दोन रविवार अबोला होता.

तर त्या रविवारी तिसऱ्या नंबरवरून दादांची समजूत पटली. ताई म्हणाल्या, "पुढच्या येळेस तुम्ही 'आलो' म्हणाल तेव्हाच दुसऱ्यांले घंटी देईन. झालं?"

"झालं," दादा म्हणाले. "आता असं आहे... आजची मीटिंग जरा तुझ्याबद्दल आहे."

"माझ्याबद्दल?"

"हौ. आई जाऊन आता वर्ष झालं. तू तिथं एकटी. त्यात श्रावणात हात मोडून घेतला."

ताईंच्या डाव्या मनगटावर अजून क्रेप बँडेज होतं. "मी नाही मोडून घेतला," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षं मी त्या पडवीतून जाऊन-येऊन राह्यली. दारापासून नळापर्यंत अकरा पावलं. तिथं कधी काही नसते. त्या दिवशी सातव्या पावलावर बॅग होती. कोणाची बॅग होती, यशोधन?"

भिलाईत खुर्ची करकरली.

"यशोधन, नाव सांगून बोल."

"यशोधन बोलतोय," यशोधन म्हणाला. "बॅग माझी होती. पण ताई, ती लाल रंगाची होती!"

मैनाबाई पडवीत दारासमोर बसून सुपात मेथी निवडत होत्या. त्यांना लाईनवरचं काही ऐकू येत नव्हतं, पण ताईंचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "क्या बोले छोटे भैया?"

"बॅग लाल होती म्हणे."

"हाँ तो?" मैनाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"बॅगचा विषय नाही," दादा घाईने म्हणाले. "विषय असा की आम्हाले तिघांले जरा आपसात बोलायचं आहे. तू पाच मिनिटं लाईन सोड."

"मी सोडली तं तुमची पण सुटते दादा. लाईन माझ्याकडून आहे. मी गेली की सगळे गेले."

"म्हंजे आमच्या आपसात बोलायले तू पाह्यजेच?"

"पाह्यजेच."

हे दादांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तेवढ्यात ताईंच्या डाव्या कानात साहेब बोलले. यशोधनचा लेखी निरोप, सगळ्यांसाठी. बोलता बोलता लिहिताही येतं, त्या खिडकीत आला होता. साहेबांनी गरम बटाटा तोंडात धरून वाचला: "इटं लिहा. टाईला डिसट नाही."

इथं लिहा. ताईला दिसत नाही.

ताईंची बोटं टेबलावर जागच्या जागी थांबली. हा कॉम्प्युटर यशोधनचा. त्यात साहेबांना बसवताना तीन तास शेजारी बसला होता तोच. साहेब हवामान वाचतात, पेपर वाचतात, त्याने स्वतः पाठवलेली पत्रं वाचतात, हे त्याला ठाऊक होतं. आणि तोच मोठ्या हुशारीने सुचवत होता, की लिहा, म्हणजे हिला कळणार नाही.

'ऐकतेय मी' असं सांगायला ताईंचं तोंड उघडलं. पण सत्तावीस वर्षांची सवय. तोंड आपोआप मिटलं.

मग लाईनवर आवाज सुरू झाला. टक. बऱ्याच वेळाने, टक. मग टक-टक. मग "च्!" आणि एकाच बटणावर टकटकटकटक.

"दादा, काय वाजून राह्यलं तुमच्याकडं?"

"काही नाही. तुझी वहिनी सुपारी फोडून राह्यली."

गोंदियातूनही टकटक आली. "ज्योत्स्ना, तुझ्याकडं पण सुपारी?"

"नाही ताई, मी... मी वाटाणे सोलून राह्यली."

"दसऱ्याले वाटाणे?"

"सुकलेले."

भिलाईची टकटक मात्र सफाईदार होती. ताईंनी तिथं काही विचारलं नाही. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या कानावरचा हेडफोन नीट बसवला.

साहेब एकेक निरोप वाचत गेले. दादांचा आधी आला: तुळशीचं लग्न झालं की हिला नागपूरला आणू. मागची खोली रिकामी आहे.

ज्योत्स्नाचा: ती नाही येणार. मी ओळखते तिला.

जावईबापूंचा, ज्योत्स्नाच्याच नावाखाली: मनगटाचा एक्स-रे काढायचा आहे सांगा. एकदा आली की झालं. जावईबापू.

यशोधनचा: मी गाडी घेऊन येतो. त्याच फेरीत सामानही आणू.

मग दादांचा, साडेचार मिनिटांच्या सुपारीनंतर: चैतरामला मी बोललो आहे. पुढच्या महिनाअखेर खोल्या सोडतो असं सांगितलं.

चैतरामला सांगितलं. म्हणजे गेले चार दिवस जिन्यावरून उतरताना चैतराम जो खाकरून नुसताच पुढे जात होता, "नमस्ते दीदी" म्हणत नव्हता, ते यासाठी. अकरा पावलांची पडवी, फाटकाची घंटी ऐकून घड्याळ लावायची खिडकी, काळी पुतळी चौकापर्यंत हात न धरता जाणारी वाट, आणि भाजीवाला डोमाजी, जो वांगी किडकी निघाली की लांबून ओरडायचा, "दीदी, आज भटे मत लो, मेरेही हैं, पर मत लो!" हे सगळं एका ओळीत उचलून गाडीत ठेवलं गेलं होतं. आणि कोणी उचललं? ज्यांना हिरवं बटन सापडत नाही त्यांनी.

"ताई, तू काही बोलत नाहीस?" ज्योत्स्नाने तोंडाने विचारलं.

"तुम्ही कामात दिसता," ताई म्हणाल्या. "सोला वाटाणे."

साहेबांनी पुढचं वाचलं. यशोधन: आणि कॉम्प्युटर? तो आणायचा का?

दादा: कशाला? इथं घरात माणसं आहेत. तिला कॉम्प्युटरचं काय काम?

मग ज्योत्स्नाचा निरोप आला, आणि साहेबांनी तोही त्याच घाईत, कशाचंच सोयरसुतक नसल्यासारखा वाचला: पण दादा, मग रविवारचा कॉल कोण लावणार?

त्यावर कोणाचंच बोट चाललं नाही. गोंदियातलं घड्याळ, आणि दादांच्या स्पीकरमधून परत फिरून आलेलं तेच घड्याळ, एवढंच ऐकू येत होतं.

"यशोधन लावंन," दादा शेवटी लिहायचं विसरून तोंडानेच बोलले.

"मला नाही येत दादा, ताईच लावते नेहमी," यशोधनही तोंडाने बोलला.

"काय लावंन? काय नाही येत?" ताईंनी साळसूदपणे विचारलं.

"कुलूप," दादा म्हणाले.

"कुलूप नाही येत यशोधनले लावता?"

जावईबापूंना ठसका लागला. दादांच्या स्पीकरमुळे तो सगळ्यांना दोनदा लागला.

सुनंदाताईंनी उजव्या हाताने कॉम्प्युटरच्या मागे चाचपलं. हेडफोनची वायर बोटांना लागली. सत्तावीस वर्षांत त्यांनी कोणाचं बोलणं कोणाच्या कानावर घातलं नव्हतं. ऑफिसात एकदा दोन साहेब एकमेकांच्या बदलीसाठी एकाच मंत्र्याच्या पीएला पाठोपाठ फोन करत होते, दोन्ही लाईन ताईंच्याच हातात, आणि दोघेही ताईंना दिवाळीची मिठाई देत, तेव्हासुद्धा नाही. त्यांनी वायर जराशी फिरवली. सोडली. पुन्हा धरली.

मग खेचली.

साहेब खोलीत आले. मैनाबाई मेथीसकट उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर घेतला. ताईंनी माईक उचलून स्पीकरसमोर धरला, बाण वर, वर, वर नेला, अगदी पहिल्या ओळीपर्यंत, आणि साहेबांचा वेग निम्म्यावर आणला. वेग कमी केला की साहेब भाषण दिल्यासारखं बोलत.

"यशोडन," साहेब म्हणाले. "इटं. लिहा. टाईला. डिसट. नाही."

आणि नागपूरच्या स्पीकरमधून परत फिरून पुन्हा: टाईला. डिसट. नाही.

"हा कोण इंग्रज आला मधात?" दादा ओरडले. "हॅलो! हॅलो, हू इज देअर? प्लीज ठेवा! हे घरचं बोलणं चालू आहे! नंदा, क्रॉस कनेक्शन झालं, काट त्याले!"

"ट्रायंबॅक," साहेब म्हणाले.

"अरे, माझं नाव ठाऊक आहे याले!"

"टुळशीचं लग्न झालं की हिला नागपूरला आणू. मागची खोली रिकामी आहे."

ज्योत्स्ना "अगं बाई" एवढंच म्हणाली. साहेबांना काही घाई नव्हती. त्यांनी एक्स-रे वाचला, आणि खाली "जावईबापू" असं नाव आलं तेही वाचलं, "जॅवायबॅपू."

"मी नुसतं सुचवलं होतं," जावईबापू म्हणाले. "आपण तसं बाहेरचे."

"आता बाहेरचे?" ज्योत्स्नाने विचारलं. "मघाशी तं आधी घेतलं म्हणून खुश होते!"

साहेबांनी गाडी वाचली. सामान वाचलं. चैतराम वाचला. खोल्या सोडतो असं सांगितलं, हे वाचताना ते नेमके दमल्यासारखे थांबले आणि मग नागपूरच्या स्पीकरने तेच वाक्य परत पाठवलं, सांगितलं, सांगितलं. मैनाबाईंना साहेबांची भाषा कळत नव्हती, पण चैतरामचं नाव कळलं. त्यांनी ताईंकडे पाहिलं आणि मेथीचं सूप मुकाट्याने बाजूला सरकवलं, सातव्या पावलावरून.

शेवटी "पण डाडा, मग रविवारचा कॉल कोण लावणार?" एवढं म्हणून साहेब गप्प झाले. त्यांच्याकडे पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.



"ताई," यशोधन म्हणाला. "सॉरी. माझ्या डोक्यातच नाही आलं, की तो वाचतो."

"यशोधन, तू गप बस," दादा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली, की स्पीकरनेही तो परत पाठवला नाही. "नंदा. तू पहिल्यापासून ऐकून राह्यलती?"

ताईंनी माईक टेबलावर ठेवला.

"वाईट कोणाच्या मनात नाही गं. मी त्रेसष्टचा झालो. रात्री फोन वाजला की पहिलं तुझंच येते मनात. तू तिथं, मी इथं. चैतरामले मी तुले न इचारता सांगितलं, हौ, चुकलं. पण आता तू सांग. येतेस का नागपूरले, नाही येत? एक काय ते सांग. नंदा?"

ताई उठल्या. कॉल त्यांनी बंद केला नाही; ऑपरेटर आपण होऊन लाईन कापत नाही. कोपऱ्यातली काठी घेतली. साडीच्या निऱ्या एकदा झटकल्या. पायात चपला सरकवल्या.

"नंदा, ऐकू येऊन राह्यलं का तुले? हॅलो?"

"दीदी, बडे भैया पूछ रहे हैं," मैनाबाई म्हणाल्या. नागपूरचा आवाज आता सगळ्या खोलीत होता. "क्या बोलूँ उनको?"

ताई दारातून पडवीत आल्या. एक, दोन, तीन. सातव्या पावलावर काही नव्हतं. अकराव्याला नळ लागला, तशा त्या रस्त्याकडे न जाता डावीकडे, चैतरामच्या जिन्याकडे वळल्या. काठीचं टोक जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकलं.

"हॅलो? नंदा? अरे, कोणी आहे का तिथं?"

वर चैतरामच्या घरात रेडिओ चालू होता. काठी एकेक पायरी वाजवत वर निघाली.